सात सीटर गाडी, तिसऱ्यात अडकणारा गिअर आणि बॅटरीखालची अर्थ वायर : एक पूर्ण केस

दादाची गाडी २०१६ ची. सात सीटर, पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेत. आमच्या घरातली दोन बाळंतपणं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि दरवर्षीचा गणपती असं सगळं तिनं वाहून नेलंय, त्यामुळे "विकून टाक आता" हे आमच्याकडे कुणी सहज बोलत नाही. यंदा गणपतीला सोळा दिवस उरलेले असताना ठाण्यातल्या एका गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल सांगितला, खर्च ८५ हजार, वेळ दहा दिवस. दादाचा मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. मी गाड्यांचा मेकॅनिक नाही, रबाळे एमआयडीसीत एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, पण मीटर रोज हातात असतो आणि वायरिंगचे फॉल्ट शोधणं हेच माझं पोट आहे. म्हटलं, पैसे भरू नको, रविवारी येतो.

गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही नऊ-दहा वर्षांच्या ऑटोमॅटिकमध्ये होऊ शकतं, खासकरून आपल्याकडे, खाडीची दमट हवा, चार महिने पाऊस आणि रस्त्यावर तुंबलेलं पाणी.

सुरुवात जुलैत झाली असं आता मागे बघून कळतं. दादा माझ्याकडून ऐरोलीहून ठाण्याला जाताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं होतं, पुढचा टेम्पो गेला म्हणून हाही गेला, पाणी दरवाजाच्या खालच्या काठापर्यंत आलं असेल. गाडी बंद पडली नाही, आत पाणी आलं नाही, त्यामुळे विषय तिथंच संपला. दोन-तीन आठवड्यांनी सकाळी सेल्फ जड मारायला लागला, एकदोनदा नुसतं कट-कट. बॅटरी चार वर्षांची होती म्हणून बदलली, गाडी झटक्यात चालू व्हायला लागली, सगळे खूश. नव्या बॅटरीत दम जास्त असतो, तिनं मूळ दुखणं थोडे दिवस झाकून टाकलं, बरं काही केलं नाही.

मग खरा त्रास सुरू झाला. रात्री पाऊस असताना घोडबंदर रोडला पातलीपाड्याच्या सिग्नलजवळ गाडीनं जोरात झटका मारला, डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी उचलेना, इंजिन नुसतं ओरडतंय आणि मागचे हॉर्न मारतायत. गाडी बंद करून परत चालू केली की ठीक. असं चारदा झालं. चौथ्यांदा वहिनी चालवत होती, मागे दोन्ही पोरं, गायमुखच्या चढावर, शेजारून ट्रेलर. त्या दिवसानंतर वहिनीनं किल्लीला हात लावला नाही.

गाडी उचलत का नाही ते सांगतो. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काही इलेक्ट्रिकल गडबड दिसली की तो सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपांचा, सप्लाय काढून घेतो, आणि सप्लाय नसताना तेलाच्या दाबावर जो गिअर आपोआप लागतो तोच राहतो, ह्या गाडीत तो तिसरा. म्हणजे थांबलेली गाडी तिसऱ्यावर उचलायची. गिअरबॉक्स वाचवायची ती सोय आहे, गिअरबॉक्स गेल्याची खूण नाही, पण गाडीत बसलेल्याला दोन्ही सारखंच वाटतं.

गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावला, पी०७५३ आणि पी०७५८ असे दोन कोड आले, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड ए आणि बी, दोघांच्या सर्किटमध्ये दोष. सोलेनॉइड गिअरबॉक्सच्या आत, गाडी लाखाच्या वर चाललेली, म्हणून त्यांनी उतरवायचं सांगितलं. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, कोडमध्ये नाव सोलेनॉइडचंच होतं. पण कोड तक्रार कुठून आली एवढंच सांगतो, चोर कोण ते सांगत नाही. आमच्या प्लांटमध्येही ट्रान्समीटर फॉल्ट दाखवतो आणि दोष निघतो जंक्शन बॉक्सच्या सैल स्क्रूत.

मला त्या कोडमध्ये दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे दोन्ही सोलेनॉइड एकाच क्षणी कसे जातील? दोन वेगळ्या वस्तू एकदम आजारी पडल्या तर दोघांत सामायिक काय आहे ते आधी बघायचं, म्हणजे सप्लाय, कप्लर (वायरी जोडणारा प्लग), अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट). दुसरं, आतल्या क्लच प्लेटा घासल्या असत्या तर गिअरचं प्रमाण चुकतंय असे कोड यायला हवे होते, पी०७३१ पासून पी०७३४ पर्यंतचे, आणि ते एकही नव्हते. हे कोड मी दादाकडून गॅरेजच्या कागदाचा फोटो मागवून बघितले. माझ्याकडचं ब्लूटूथवालं स्वस्त यंत्र इंजिनचेच कोड वाचतं, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोचतच नाही, अशा यंत्रात काही दिसलं नाही म्हणून निवांत राहू नका.

रविवारी सकाळी गेलो आणि आधी दादाशी नाही, वहिनीशी बोललो, कारण रोज गाडी तीच चालवायची. म्हटलं, वहिनी, झटका बसायच्या आधीचं जे जे आठवतंय ते सांगा, काहीही असू दे. ती म्हणाली, पाऊस नसला तर काहीच होत नाही. मी म्हटलं पावसात तुम्ही काय काय चालू करता? वायपर, हेडलाइट, मागच्या काचेचा डीफॉगर, एसीचा ब्लोअर जोरात. आणि मग तिनं जे सांगितलं त्यावर माझं निम्मं काम झालं. "भाऊजी, सिग्नलला थांबलं की समोरून घुर्र करून पंखा सुरू होतो ना, तेव्हा डॅशबोर्डचे दिवे एकदा मंद होतात. झटका साधारण तेव्हाच बसतो." म्हणजे पावसाचा संबंध पाण्याशी नव्हताच, लोडशी होता. पावसात गाडी सगळ्यात जास्त करंट ओढते, त्यात ब्रेक दाबून उभं राहिलं की ब्रेकलाइट, वर रेडिएटरचा फॅन. तिनं आणखी एक सांगितलं होतं, की रिव्हर्सचा कॅमेरा कधीकधी निळा पडदा दाखवतो. ते मी कॅमेऱ्याच्या खात्यात टाकलं आणि पुढे गेलो. ती माझी चूक होती, ते पुढे येईलच.

गिअरचं ऑइल बघितलं, इंजिन गरम आणि चालू ठेवून डिपस्टिक काढली, पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकला. लालसर, जरा मळकं, पण जळका वास नाही आणि काळे कण नाहीत. लेव्हल बरोबर. दादाला म्हटलं, आतून जळालेला गिअरबॉक्स असं ऑइल देत नाही.

आता मीटर. बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना बॅटरीवरच १०.४, म्हणजे बॅटरी उत्तम. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर लावली, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या पोलवर, आणि लाल पिन गिअरबॉक्सच्या केसिंगवर, तिथली बोटाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करून. दादाला म्हटलं, मार सेल्फ. मीटरवर १.८ व्होल्ट. परत मारायला लावला, परत १.८. ही दोन्ही टोकं एकाच जाड अर्थ वायरची आहेत, त्यांच्यात सेल्फ मारताना जास्तीत जास्त ०.२ व्होल्ट दिसायला हवा. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंतही तसंच मोजलं, तिकडे ०.२५, म्हणजे त्या बाजूचं ठीक.

गॅरेजमध्येही अर्थ तपासला होता असं दादा म्हणाला, मीटर बीप वाजला म्हणे. तो वाजणारच. डीसी क्लॅम्प मीटरनं सेल्फचा करंट बघितला तर १४० अँपिअरच्या आसपास, १.८ ला १४० नं भागलं तर येतात साधारण १३ मिलिओहम. आपल्या साध्या मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२-०.३ ओहम दाखवतो, त्याला १३ मिलिओहम कुठून दिसणार? बीपसाठी मीटर वायरमधून किरकोळ करंट सोडतो आणि तेवढा न्यायला एक तार शिल्लक असली तरी पुरते. म्हणून जाड वायर नेहमी करंट चालू असताना, व्होल्टवर तपासायची. ह्या एका गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो.

तीन-चारदा सेल्फ मारून झाल्यावर मी गिअर लिव्हरकडून येणाऱ्या केबलला, गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटजवळ, हात लावला. इंजिन एव्हाना थंड झालं होतं, तरी केबलचं पोलादी आवरण कोमट लागलं. दादालाही हात लावायला लावला. मुख्य अर्थ बंद झाल्यावर सेल्फचा करंट परत जायला जी मिळेल ती वाट शोधतो, इंजिन आणि बॉडीमधली बारकी पट्टी आणि अक्षरशः गिअरची केबलसुद्धा. हे बघितल्यावर दादा खुर्ची घेऊन शेजारीच बसला.

मग गाडी चालू केली, हेडलाइट, ब्लोअर, डीफॉगर, वायपर, सगळं चालू, वहिनी ब्रेक दाबून बसली. अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या, प्लस बोल्टपासून त्याच्याच केसिंगपर्यंत १४.१ व्होल्ट, बॅटरीवर मात्र १३.१. एक व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवतोय. प्लसच्या बाजूला ०.१ सापडला. आणि मायनस ते गिअरबॉक्स, मघाचीच जागा, ०.९, फक्त आता चिन्ह उलटं, उणे ०.९. ते बरोबरच आहे, सेल्फ मारताना करंट बॅटरी देते आणि गाडी चालू झाली की अल्टरनेटर, म्हणून परतीची दिशा बदलते. १३.१ अधिक ०.१ अधिक ०.९, बरोबर १४.१, हिशोब जुळला. रेडिएटरचा फॅन सुरू होताना मीटरच्या मिन-मॅक्सवर दीड व्होल्टपर्यंतची उडी पकडली, आणि वहिनी आतून ओरडली, दिवे मंद झाले!

आता ह्याचा गिअरशी संबंध काय. ह्या गाडीत सोलेनॉइडची एक बाजू कंट्रोलरकडून येते आणि दुसरी थेट गिअरबॉक्सच्या केसिंगवर अर्थ होते. कंट्रोलर स्वतः डॅशबोर्डखाली बॉडीवर अर्थ आहे. म्हणजे बॉडीचं शून्य आणि गिअरबॉक्सचं शून्य एकच असलं तर कंट्रोलरला सोलेनॉइडच्या वायरवर जे अपेक्षित आहे तेच दिसेल. इथं दोन शून्यांमध्ये जवळजवळ एक व्होल्टचं अंतर पडलंय आणि फॅन सुरू होताना ते दीडपर्यंत उडी मारतंय. अशा वेळी कंट्रोलरला दोन्ही सोलेनॉइडच्या वायरी चुकीच्या दिसणार, दोघांच्या नावानं कोड टाकणार आणि गिअर तिसऱ्यात ठेवणार. खात्रीसाठी कप्लर काढून सोलेनॉइडही मोजले, १२.४ आणि १२.६ ओहम, मॅन्युअलमध्ये ११ ते १५ दिलंय. दोन्ही ठणठणीत.

तरी वायर कापायच्या आधी एक परीक्षा घेतली. जंपर केबलमधली काळी केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा गिअरबॉक्सच्या एका उघड्या बोल्टवर. तेच सगळे लोड, ०.९ चे झाले ०.०६. सेल्फ मारला तर इंजिन पहिल्याच फेरीत पेटलं, दादा म्हणाला नवीन घेतली तेव्हा असा आवाज होता. केबल काढली की परत १.८. लावली की गायब. असं तीनदा केलं.

मग मायनसचा क्लॅम्प काढला, बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर काढला. वायर बॅटरीच्या ट्रेखालून वळून गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला बोल्ट झालेली, नेमकी पाणी उडेल अशी जागा. वरून बघितली तर काही कळत नव्हतं, बोल्ट घट्ट, थिंबल (वायरच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी) जागेवर, काळं आवरण अखंड. थिंबलच्या मानेजवळ आवरण जरासं फुगलेलं होतं. ब्लेडनं उभं चिरलं आणि आतून हिरवी पूड सांडली. वायर हातात धरून थिंबल हळूच फिरवलं तर ते फिरलं. मोजल्या, धड अशा नऊ तारा उरल्या होत्या, बाकीच्या बोटानं चुरल्या की मोडत होत्या. मागे जवळजवळ चार इंच तांबं काळं पडलेलं, पाणी आत वातीतल्या तेलासारखं चढत गेलं होतं. विटाव्याच्या पाण्यानं हे एका दिवसात केलं असं नाही, आधीपासून थोडं थोडं लागलेलं असणार, त्या पाण्यानं शेवटचा हात फिरवला.

नवी वायर २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची, दोन्ही बाजूला कलई केलेली थिंबलं. कळव्यात एक मिस्त्री काका आहेत, मोटार वायंडिंग करतात, त्यांच्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंगचं मशीन आहे. मी म्हटलं काका, थिंबल हातोड्यानं चेपून मिळेल का लवकर, तर त्यांनी मला बसवून ठेवलं आणि मशीनवर दोन-दोन दाब देऊन, गोंदवालं हीट श्रिंक चढवून, ओढून दाखवूनच हातात दिली. दोन्ही अर्थ पॉइंट घासून चकचकीत केले, दातेरी वॉशर टाकले, घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. बॉडीकडे जाणारी बारीक शाखा आणि इंजिनवरची पट्टीही त्याच हिशोबात बदलून टाकली. सगळं मिळून साडेसहाशे रुपये. सेल्फ मारताना ०.०९, सगळे लोड लावून ०.०५.

पाच दिवस गाडी छान चालली, दादा मुद्दाम पावसात घोडबंदरला दोन चकरा मारून आला. सहाव्या दिवशी सकाळी फोन. गाडी चालूच होत नाहीये, सेल्फचा टक्क आवाजसुद्धा नाही. आणि मागून आईचा आवाज, बाबा रे, ते गॅरेजवाले सांगत होते तेच खरं. खरं सांगतो, क्षणभर माझ्याही पोटात गोळा आला, कारण गणपतीला नऊ दिवस होते आणि त्या सल्ल्याची जबाबदारी माझ्यावर होती.

म्हटलं दादा, लिव्हर एन मध्ये टाकून मार. लगेच चालू झाली. पी मध्ये, म्हणजे पार्किंगला, चालू होत नाही, एन मध्ये, म्हणजे न्यूट्रलला, होते, ह्याचा अर्थ बॅटरी, सेल्फ, अर्थ सगळं जागेवर आहे, गाडीला फक्त आपण पी मध्ये आहोत हे कळत नाहीये, आणि ते कळल्याशिवाय ती सेल्फ मारू देत नाही. ते सांगतो तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसवलेला रेंज स्विच. आणि तेव्हा मला वहिनीचा निळा पडदा आठवला. रिव्हर्स टाकल्याचा निरोप कॅमेऱ्याला हाच स्विच देतो. तो निरोप कधी जायचा, कधी नाही. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी तो मुद्दा बाजूला ठेवला होता. संध्याकाळी गॅरेजमधल्या त्यांच्याच स्कॅनरवर बघितलं, सोलेनॉइडचे कोड गेलेले, नवा एकच, पी०७०५, रेंज सेन्सरचं सर्किट.

स्विचचा कप्लर बॅटरीच्या ट्रेच्या अगदी खाली, अर्थ वायरपासून वीतभर अंतरावर. उघडला तर आतलं रबरी सील चिरलेलं आणि दोन पिना हिरव्या. पिना साफ करून लिव्हर हळूहळू पी ते डी हलवत मीटर लावला, पी ची आणि आर ची जोडणी मध्येच तुटायची, लिव्हर जरा ढकलून धरलं की यायची. आतले संपर्कच खराब झालेले, साफसफाईनं भागणार नव्हतं. नवा स्विच ३,८०० रुपयांना मिळाला, कप्लरची नवीन पिगटेल (वायरीसकट कप्लर) दीडशेला. बसवताना एक काळजी घ्यायला लागते, स्विचची भोकं लांबट असतात, लिव्हर एन मध्ये ठेवून स्विचवरची एन ची रेघ शाफ्टच्या खाचेला जुळवून मगच बोल्ट आवळायचे, नाहीतर नवा स्विचही जुन्यासारखाच वागतो. ऑइलही निम्मं काढून तेवढंच नवीन भरून घेतलं, ते वयाप्रमाणे करायचंच होतं.

त्या गॅरेजच्या फोरमनला मी जुनी वायर दाखवली. त्यांनी थिंबल फिरवून बघितलं, मग वाकवून बघितलं, आणि विचारलं, ही ठेवू का, पोरांना दाखवतो. ती आता त्यांच्या टेबलावर आहे. सेल्फ मारून व्होल्ट कसे बघायचे ते त्यांच्या दोन पोरांनी माझ्यासमोर त्यांच्याकडे आलेल्या दुसऱ्या एका गाडीवर करून बघितलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे चारला निघालो, पनवेलपासूनच पाऊस, पेणच्या पुढे समोरचं दिसत नव्हतं, म्हणजे हेडलाइट, वायपर, डीफॉगर, ब्लोअर सगळं तासन्‌तास चालू. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर मखराचा पुठ्ठा. माणगावपर्यंत दादानं चालवली, मग वहिनी म्हणाली मी घेते. महाडला चहाला थांबलो तर तिनं इंजिन चालूच ठेवलं, बोनेट उघडलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, आधी मोजा, मग चहा." सगळे लोड चालू, फॅन फिरतोय, काळी पिन पोलवर, लाल पिन त्याच घासलेल्या जागेवर. ०.०५. तिनं स्वतः वाकून आकडा वाचला, बोनेट लावलं, आणि कशेडीचा बोगदा, खेड, चिपळूण करत संगमेश्वरपर्यंत गाडी तिनंच नेली.